गच्चीवरचा हक्क आणि विनोदातला स्वीकार

विनोदामुळे दुःख सुसह्य होते, हे विधान मराठी समीक्षेत इतके रुळले आहे की, कोणते दुःख, कोणाला आणि कोणत्या अटीवर सुसह्य होते, हे प्रश्न सहसा विचारलेच जात नाहीत. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (1958) या पुस्तकाबाबत तर ते विशेषच जाणवते. त्यातील ‘निर्विष’ विनोदाचे कौतुक भरपूर झाले. त्या विनोदाची गरज कोठून निर्माण होते, याची चौकशी मात्र फारशी झाली नाही.

1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या इमारतींची भाडी गोठवली. मालकाला दुरुस्तीत स्वारस्य उरले नाही आणि त्या भाड्यात दुसरीकडे जागा मिळणे अशक्य असल्यामुळे भाडेकरूला चाळ सोडणे परवडेना. दोघेही एकमेकांना कायमचे बांधले गेले. जे बदलता येत नाही आणि ज्यातून निघूनही जाता येत नाही, त्याच्याशी रोजचा संसार कसा करायचा, हा चाळकऱ्यांपुढील खरा प्रश्न आहे.

‘गच्चीसह झालीच पाहिजे’ या प्रकरणात तो सर्वांत स्पष्टपणे येतो. शीर्षकातच संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील ‘मुंबईसह’ची घोषणा विडंबनाने आली आहे. पुस्तक निघाले तेव्हा ती चळवळ चालू होती. गोळीबारात माणसे मेली होती. राज्य 1960 साली व्हायचे होते. अशा वेळी त्या घोषणेला चाळीच्या गच्चीवर आणून बसवणे ही साधी गंमत नव्हे. येथे क्षुद्र विषयाला भव्य भाषा देऊन चाळकऱ्यांना हास्यास्पद केले आहे, असे म्हणणे सोपे आहे. मला ते अपुरे वाटते. मालकापुढे मांडायच्या तक्रारीला चाळकऱ्यांजवळ स्वतःची प्रतिष्ठित भाषा नाही. म्हणून ते सार्वजनिक जीवनातली भाषा उसनी आणतात. तिच्यामुळे गच्चीच्या मागणीला हक्काचे रूप येते आणि त्याच वेळी मागणी व घोषणा यांतील विसंगतीही उघडी पडते. आपला हक्क आणि आपला लहानपणा ही दोन्ही एकाच हास्यात मान्य होतात. हा स्वीकार आहे, शरणागती नव्हे. कारण मागणी कोणी सोडलेली नाही.

‘उपास’मध्ये हेच आत वळते. वजन उतरवण्याचा पंतांचा संकल्प शेजाऱ्यांच्या परस्परविरोधी सल्ल्यांत बुडतो आणि वजन काही उतरत नाही. निवेदन प्रथमपुरुषी आहे, हे महत्त्वाचे. श्री. कृ. कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधील हास्य रूढींवर प्रहार करते; त्याला समाज सुधारायचा असतो. पंतांचे हास्य कोणालाच सुधारू पाहत नाही, स्वतःलाही नाही. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाशी त्याचे नाते आहे खरे; पण चिमणरावाभोवती कुटुंब आहे, पंतांभोवती संपूर्ण चाळ. फजितीला साक्षीदार असणे ही येथे शिक्षाही आहे आणि आधारही.

या दृष्टीने अखेरचे ‘एक चिंतन’ मला पुस्तकातील सर्वांत अस्वस्थ पाने वाटतात. अनेकांना तेथे ‘विनोदामागचे कारुण्य’ सापडते. प्रत्यक्षात तेथे विनोद थांबतो आणि स्मरणरंजन सुरू होते. चाळीतील अडचण सोसायला हास्य पुरेसे होते. चाळीचे मोडणे सोसायला ते पुरत नाही. ही लेखकाची कमतरता की विनोदाच्या प्रकृतीचीच मर्यादा? मी दुसऱ्या उत्तराकडे झुकतो. हसून स्वीकारण्यासाठी आपल्याबरोबर हसणारा शेजार लागतो, आणि ‘चिंतना’त नेमका तोच विखुरतो आहे.

आणखी एक अट उरते. चाळकऱ्याची खोली गळकी असेल, पण ती त्याची असते. ‘बटाट्याची चाळ’नंतर पाचच वर्षांनी बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) हा संग्रह आला. त्याच्या शीर्षककथेतला तरुण परगावी नोकरीसाठी जातो आणि जात लपवल्यावरच त्याला खोली मिळते. जात उघड होताच त्याला मार खावा लागतो. त्याच्याजवळ गच्चीची मागणी करण्याइतकीही जागा नाही, आणि ज्यांच्या शेजारात तो राहतो त्यांच्याबरोबर स्वतःवर हसणे त्याला शक्य नाही. कारण हसताना तो कोण आहे हे सांगावे लागेल.