वरातीचा बँड बंद खोलीत

आषाढी एकादशी झाली की लग्नांचे मुहूर्त थांबतात आणि मुंबईच्या उपनगरांतील बँडपथकांचे गणवेश खुंटीला लागतात. गणपती येईपर्यंतचे हे दिवस बिनकामाचे. अशाच एका पावसाळी शनिवारी अंधेरी पश्चिमेच्या एका छोट्या क्लबात मी अकरा जणांचा ब्रास बँड ऐकला. साठेक माणसांची खोली, ठेंगणे छत, दारातच छत्र्यांचा ढीग. जाहिरातीत नंतर वाजवणाऱ्या डीजेचे नाव ठळक अक्षरांत होते. बँडच्या नावी नुसते ‘ब्रास बँड’ एवढेच. मास्तरांचे नाव कुठेच नव्हते.

संगीताचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. वीसेक वर्षे वराती आणि मिरवणुकींच्या मागे वही घेऊन फिरलो, तेवढीच माझी शाळा. त्या शाळेत शिकलेली पहिली गोष्ट अशी, की आपल्याकडे बँड कोणी ऐकत नाही, त्याच्यामागे चालतात. उघड्या रस्त्यावर सूर भिंतीला आपटून परत येत नाही. म्हणून सगळे एकाच वेळी पूर्ण दमाने फुंकतात, मोठा ढोल पावलांना ठेका देतो, आणि नाचणारे कंटाळायच्या आत मुखडा सोडून पुढचे गाणे धरावे लागते. हे रस्त्यावरचे गुण आहेत. खोलीत आल्यावर तेच दोष ठरतात.

त्या रात्री पहिला अर्धा तास नेमके हेच झाले. क्लबवाल्यांनी प्रत्येक वाद्यासमोर माइक ठेवला होता. ट्रम्पेटला एवढ्याशा खोलीत माइकची गरज नसते. एकामागून एक अकरा-बारा चित्रपटगीतांचे मुखडे झाले, पण अंतरा एकाचाही नाही. शेजारच्या टेबलावरची मंडळी मोबाइलवर चित्रण करत होती आणि एकमेकांच्या कानात ओरडून बोलत होती. दोष मला वादकांचा वाटला नाही. त्यांना वरात म्हणून बोलावले होते, त्यांनी वरात वाजवली.

मध्यंतरानंतर मास्तरांनी स्वतः उठून माइक बाजूला केले. मग युफोनियमवाल्याने एकट्याने, बसक्या आवाजात, ‘अलबेला’तील एक चाल उचलली. युफोनियमचा पल्ला पुरुषाच्या गळ्याजवळचा. म्हणून आपल्या बँडमध्ये गायकाची ओळ बहुधा त्याच्याकडे येते आणि मधल्या जागा ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट भरतात. रस्त्यावर ही वाटणी गोंगाटात बुडते. इथे ती कळली. या वाद्याचे पहिले तीन पिस्टन सूर अनुक्रमे दोन, एक आणि तीन अर्धस्वरांनी उतरवतात. बाकी सगळे ओठांचे आणि श्वासाचे काम. मींड त्यात मुळात नाही. वादक पिस्टन अर्धवट दाबून, ओठ सैल करून ती काढतो. त्या रात्री अंतऱ्याच्या शेवटी ती मींड आली, आणि खोलीतली कुजबूज पहिल्यांदा थांबली.

चाल कोणती निवडली, यालाही अर्थ आहे. ‘अलबेला’ १९५१चा. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, पडद्यावर भगवानदादा. त्या संगीताच्या पाश्चात्त्य अंगामागे होते चिक चॉकलेट, म्हणजे गोव्याच्या आल्दोना गावचे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या बड्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा माणूस स्टुडिओत आला. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले असे अनेक वादक तेव्हा आपल्या चित्रपटसंगीताचा कणा होते. स्टुडिओतून ती गाणी रेडिओवर, तिथून वरातीच्या बँडमध्ये गेली. म्हणजे बंद खोलीतले संगीत रस्त्यावर उतरले आणि सत्तर वर्षांनी पुन्हा बंद खोलीत आले. बँडवाला नुसती नक्कल करतो, असे आपण सहज म्हणतो. पण एका गळ्यासाठी बांधलेली चाल अकरा जणांच्या श्वासात वाटून देणे ही रचनाच आहे. स्टुडिओत हेच काम करणाऱ्याला आपण ‘अरेंजर’ म्हणतो; मास्तरांना मात्र काहीच म्हणत नाही.

उपनगरांना हे वाद्य परके नाही. मरोळ, आंबोली, गोराई इथल्या ईस्ट इंडियन गावठाणांत लग्नाच्या आदल्या दिवशी ‘उंबराचं पाणी’ आणायला विहिरीवर जातात, ते वाजतगाजत. तिथे बँड घरचा असतो, मास्तरांना नावाने हाक मारली जाते. क्लबाने वाद्य आणले, पण ही ओळख आणली नाही.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे उदाहरण या ठिकाणी उपयोगी पडेल. तिथेही ब्रास बँड अंत्ययात्रांचा आणि मिरवणुकांचाच. १९८३ मध्ये सुरू झालेला रिबर्थ ब्रास बँड मेपल लीफ नावाच्या बारमध्ये वर्षानुवर्षे दर मंगळवारी वाजवत राहिला. रस्ता सुटला नाही, पण खोलीही मिळाली. दर आठवड्याला तेच कान समोर असले की वादकाला तेच ते वाजवता येत नाही. नवे बांधावे लागते. वर्षातून एक रात्र हौसेने बोलावल्याने हे होणार नाही.

आपल्याकडे तर खोलीची गरज जास्त आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाजवण्यास मनाई आहे. बंद सभागृहांना सवलत आहे. दहाच्या आतला रस्ताही आता ट्रकवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरांनी घेतला आहे. त्यांच्याशी फुंकून स्पर्धा करणाऱ्या बँडचा सूर आणखी कर्कश होतो, आणि हळुवार वाजवण्याची कला वापरावाचून जाते. त्या रात्री ती अजून शिल्लक असल्याचे मी ऐकले. म्हणून माझी तक्रार क्लबात बँड नेल्याबद्दल नाही. अर्ध्या मनाने नेल्याबद्दल आहे. माइक काढा, अंतरा वाजू द्या, मास्तरांचे नाव छापा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बोलवा. एवढ्याला फार पैसा लागत नाही.

निघताना मी मास्तरांना विचारले, “पुन्हा कधी इथे?” ते वाद्याच्या नळीतले पाणी झटकत म्हणाले, “बोलावलं तर येऊ, साहेब. पण तुळशीचं लग्न झालं की आम्हाला सवड नाही.”

हा अंक हाती पडेल तेव्हा तुळशीचे लग्न जवळ आलेले असेल. दारावरून वरात जाईल, तेव्हा खिडकी लावून घेण्याआधी युफोनियमची ओळ तेवढी शोधून पाहा. आणि जमलेच, तर मास्तरांचे नाव विचारा.