आत्मचरित्र आणि अस्सल कागद

श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांचें 'द स्कोप ऑफ हॅपिनेस' हें इंग्रजी आत्मचरित्र १९७९ सालीं प्रसिद्ध झालें. मॉस्को (१९४७-४९), वॉशिंग्टन (१९४९-५१) व लंडन (१९५४-६१) येथील वकिलाती सांभाळणाऱ्या आणि १९५३ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या स्त्री अध्यक्षा झालेल्या बाईंचें हें कथन वाचनीय आहे, यांत वाद नाहीं. परंतु परराष्ट्रखात्यांतील स्त्रियांचा इतिहास लिहितांना तें पुरावा म्हणून कितपत धरावें, हा आमच्या वाचकांपुढील प्रश्न आहे.

आमच्या मतें हा ग्रंथ बखरीच्या जातीचा आहे. मूळ प्रसंगांनंतर वीस-तीस वर्षांनीं तो प्रसिद्ध झाला. म्हणून बखरीस लावावयाची कसोटीच त्यास लावली पाहिजे. उदाहरणार्थ, मॉस्कोच्या मुक्कामांत स्टालिननें बाईंस भेट दिली नाहीं. त्यांच्या मागून गेलेल्या डॉ. राधाकृष्णन यांस मात्र जानेवारी १९५० मध्यें दिली. याचें कारण एकट्या बाईंच्या कथनावरून ठरवूं नये. दोन्ही सरकारांचे समकालीन कागद ताडून ठरवावें.

याहून मोठा मुद्दा असा. बाईंच्या उदाहरणावरून, स्वतंत्र भारतानें वकिलातीचें द्वार स्त्रियांस प्रथमपासून मोकळें ठेविलें, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टिकत नाहीं. बाईंची नेमणूक राजकीय होती, परीक्षेच्या मार्गानें झालेली नव्हती. शिवाय पति रणजित पंडित १९४४ सालींच निवर्तल्यामुळें विवाहित स्त्रीची अडचण त्यांस आलीच नाहीं. ती अडचण कूर्गच्या सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणांत दिसते. परीक्षा देऊन खात्यांत शिरलेल्या त्या पहिल्या स्त्री, साल १९४९. पुढें १९६१ च्या नियमांनीं स्त्री अधिकाऱ्यावर विवाहापूर्वीं सरकारची लेखी परवानगी घेण्याचें बंधन घातलें. संसारामुळें कामांत व्यत्यय येतो असें सरकारास वाटल्यास विवाहानंतर तिचा राजीनामाही मागतां येई. पुरुषास असें बंधन नव्हतें. मुथम्मांचा अर्ज निकालांत काढतांना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं या नियमांवर कडक ताशेरे ओढले, तें सालही १९७९ च ! हें आत्मचरित्र व हें निकालपत्र शेजारीं ठेवून वाचल्याखेरीज विषय पुरा होत नाहीं.

संग्राहकांस एक सूचना. बाईंचें माहेरचें नांव स्वरूपकुमारी. १९२१ सालीं मूळच्या कोंकणांतील पंडित घराण्यांत विवाह झाला, तेव्हां आपल्याकडील चालीप्रमाणें नांव बदललें. म्हणून सूचींत दोन्ही नांवें एकमेकांशीं जोडून द्यावीं. नाहींतर पूर्वींचीं पत्रें शोधणारास सांपडणार नाहींत. रणजित पंडित हे 'राजतरंगिणी' व 'मुद्राराक्षस' यांचे इंग्रजी भाषांतरकार; त्यांचे कागदही याच शोधांत मोडतात.

बाई १९६२ ते १९६४ पर्यंत महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. त्या काळचीं त्यांच्या सहीचीं पत्रें चिखलीसारख्या गांवच्या जुन्या दप्तरांतूनही निघणें असंभवनीय नाहीं. ज्यांच्या संग्रहीं तीं असतील त्यांनीं तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. तारखेसह नक्कल करून मूळ कागद जपून ठेवावे.