बैल नसलेले सुविचार

सकाळी साडेसहाला घरच्या ग्रुपवर पहिला सुविचार पडतो. मागे सूर्योदय, कोपऱ्यात गुलाब, खाली नाव : पु. ल. देशपांडे. परवाच्या मजकुरात ‘सकारात्मक ऊर्जा’ होती. पुलंच्या हाती तो लागला असता तर त्या ऊर्जेवर त्यांनी दोन पानं सहज काढली असती. पण हे मामांना सांगणार कोण? त्यांनी खाली चार वेळा हात जोडले होते.

मराठीत शहाणपणाला तोटा कधीच नव्हता. वामन पंडितांनी भर्तृहरीची शतकं मराठीत आणली, ती पंडितांची वाट. तिच्याशेजारी बांधावरची वाट होतीच. ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ ही म्हण घ्या. तिला लेखक नाही, पण बैल आहे. काम नसलेला, दावणीला उभा, शेपटीने माशा वारणारा. आजच्या सुविचारात आयुष्य असतं, नाती असतात, विश्वास असतो. बैल तेवढा नसतो.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जळगावजवळच्या असोद्याची ही शेतकरीण. कविता पुस्तकरूपाने आल्या 1952 मध्ये, ती गेल्यावर वर्षाने. संसार सांगायचा तर तिला चूल आणि तवा पुरतो. उपदेश करते, पण हाताला राख लागलेली असते.

पुलंचंही तेच. ‘व्यक्ती आणि वल्ली’तला अंतू बर्वा घरात वीज का घेत नाही यावर जे बोलतो, ते ऐकून आपण आधी हसतो आणि मग त्याच्या घराच्या भिंती दिसू लागतात. ते वाक्य रत्नागिरीतून, त्या आळीतून, त्या खवचट म्हाताऱ्याच्या तोंडून काढून गुलाबाशेजारी ठेवा. नुसती कोटी उरेल.

सुटं करता येईल असं वाक्य घडवण्याची हौस मराठी गद्याला लागली ती, माझ्या मते, खांडेकरांपासून. ‘ययाति’त ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपली कहाणी सांगतात, पण सुभाषित आलं की तिघांचा आवाज एकच होतो. ज्ञानपीठ मिळालेल्या कादंबरीबद्दल असं बोलणं उद्धटपणाचं वाटेल, तरी कानाला जे लागतं ते लागतं. पुढे व. पु. काळे आले. पेशाने वास्तुविशारद, कथाकथनात पटाईत. मध्यमवर्गीय नवरा-बायकोतला अबोला त्यांना नेमका ऐकू यायचा. ‘वपुर्झा’मध्ये मात्र कथा बाजूला राहिल्या आणि त्यांतले उतारे समोर आले. म्हणजे आजच्या कात्रीला निदान एका लेखकाने स्वतःच कागद धरून दिला होता.

आमच्या वाचनालयातली ‘वपुर्झा’ची प्रत पाहण्यासारखी आहे. पेन्सिल, निळी शाई, हिरवी शाई, एके ठिकाणी चक्क लिपस्टिकसारखं काहीतरी. एकाच वाक्याखाली तिघांच्या रेघा. समासात ‘अगदी खरं!’ आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘तुला काय माहीत?’ पुस्तकातल्या बहुतेक वाक्यांपेक्षा मला हा संवाद आवडला.

त्याच कपाटात खालच्या फळीवर चिं. वि. जोशींचा चिमणराव आहे. रेघ एकही नाही. मारणार कशाखाली? चिमणराव शहाणपणाचं काही बोलतच नाही. तो फजित होतो आणि त्या फजितीत आपलं घर दिसतं. शेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी पोरांचे झालेले हाल ही बाई हसत हसत सांगते, वडिलांना एकही शिवी न देता आणि स्वतःवर दया न दाखवता. त्यातलं वाक्य ग्रुपवर टाकायचं म्हणून मी अर्धा तास शोधलं. प्रत्येक वाक्याला पुढचं वाक्य हवं होतं. शेवटी अख्खं प्रकरण मोबाइलवर वाचून, ते रेकॉर्डिंग मामांना पाठवलं. बावीस मिनिटांचं झालं. त्यांनी अजून उघडलेलं नाही.