साक्ष आणि अनुपस्थिती : ‘जॉय डिव्हिजन’विषयीची तीन आत्मपर पुस्तके

आठवणींच्या वाङ्मयात ‘मी तेथे होतो’ या विधानाला मोठा मान असतो. प्रसंगी हजर असलेल्याचा शब्द हाच श्रेष्ठ पुरावा, अशी वाचकाची सहज समजूत असते. ही समजूत कितपत टिकते, हे पाहण्यास इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या रॉक संगीताविषयीचे लेखन विशेष उपयोगी आहे.

४ जून १९७६ रोजी तेथील लेसर फ्री ट्रेड हॉल या लहान सभागृहात ‘सेक्स पिस्टल्स’ या लंडनच्या बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते चाळीसएक असावेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. परंतु आपण तेथे होतो असे सांगणाऱ्यांची संख्या पुढे कितीतरी पटींनी वाढली. अखेर या साक्षी पारखण्यासाठी डेव्हिड नोलन यांनी ‘आय स्वेअर आय वॉज देअर’ हे स्वतंत्र पुस्तक लिहिले. हा सगळाच खोटेपणा म्हणता येणार नाही. २० जुलै रोजी त्याच सभागृहात त्याच बँडचा दुसरा कार्यक्रम झाला होता, आणि दोन संध्याकाळी स्मरणात एक होणे अशक्य नाही. शिवाय जो प्रसंग मागाहून आरंभबिंदू ठरतो, त्यात स्वतःला पाहण्याची ओढ माणसाला स्वाभाविकच असते.

पीटर हुक आणि बर्नार्ड समनर हे शाळासोबती जूनच्या त्या कार्यक्रमास खरोखरच हजर होते. त्यातून प्रेरणा घेऊन त्यांनी उभारलेला बँड, गायक इयन कर्टिस आणि ढोलवादक स्टीफन मॉरिस यांच्यासह, ‘जॉय डिव्हिजन’ या नावाने प्रसिद्ध झाला. १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, तेवीस वर्षांच्या कर्टिसने आत्महत्या केली. या अल्पायुषी बँडविषयी हुक यांनी २०१२ मध्ये ‘अननोन प्लेझर्स’ आणि समनर यांनी २०१४ मध्ये ‘चॅप्टर अँड व्हर्स’ ही पुस्तके लिहिली. त्याआधीच, १९९५ मध्ये, कर्टिसची पत्नी डेबोरा हिचे ‘टचिंग फ्रॉम अ डिस्टन्स’ प्रसिद्ध झाले होते.

हुक यांचे बळ तपशिलात आहे. वाद्ये वाहून नेण्याचे कष्ट, पैशांची चणचण, प्रवासातील थट्टामस्करी यांतून कलेमागील राबणे प्रत्यक्ष होते. समनर अधिक संयत आहेत. सॅलफर्डमधील आपली वस्ती पाडली गेल्याची त्यांची आठवण त्या संगीतातील उजाडपणाची एक दिशा दाखविते. तथापि ही दोन्ही पुस्तके लेखकांमध्ये दुरावा आल्यानंतरची आहेत, हे वाचकाने विसरू नये. त्यांच्यातील कायदेशीर वाद २०१७ मध्ये मिटला. म्हणजे लेखनकाळी तारुण्याची आठवण सांगणारा माणूस प्रौढपणीच्या भांडणातूनच मागे वळून पाहत होता.

या साक्षीतील खरी उणीव मात्र वेगळी आहे. कर्टिसच्या गीतांतील शब्दांकडे आपण त्या काळी पुरेसे लक्ष दिले नाही, अशी कबुली सहकाऱ्यांनीच पुढे दिली. रोज शेजारी उभे राहणाऱ्यांना जे ऐकू आले नाही, ते मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, जुलै १९८० मध्ये, प्रकाशित झालेल्या ‘क्लोजर’ या ध्वनिमुद्रिकेत अनोळखी श्रोत्यांना स्पष्ट ऐकू आले. उपस्थिती म्हणजे अवधान नव्हे.

डेबोरा कर्टिसचे पुस्तक याच ठिकाणी मोलाचे ठरते. बायकांनी कार्यक्रमांना येऊ नये, असे वातावरण होते. म्हणून तिच्यापाशी रंगमंचाच्या आठवणी थोड्या, आणि मॅकल्सफील्डमधल्या घराच्या पुष्कळ. अपस्माराचे झटके, लहान मूल, नवऱ्याचे दुसऱ्या स्त्रीशी जडलेले नाते हे सारे ती न सजवता सांगते. तिचे कथन तटस्थ नाही. दुखावलेल्या पत्नीची बाजू त्यात आहे, आणि संगीताचे विवेचन तिच्याकडून अपेक्षिणेही योग्य नाही. परंतु आपल्याला काय दिसू शकले नाही, याची जाणीव तिच्या लेखनात सतत जागी राहते. दूर ठेवले जाणे हाच तिचा अनुभव आहे, आणि त्या बँडच्या जीवनाविषयीचा तो एक अस्सल पुरावाही आहे.

म्हणून स्मृतिपर वाङ्मयाची पारख करताना ‘लेखक तेथे होता काय?’ एवढ्यावर थांबणे अपुरे होय. त्याच्या जागेवरून काय दिसणे शक्य होते, आणि दिसत असूनही काय निसटले, हे विचारले पाहिजे. त्या कसोटीस उतरते ते पुस्तक प्रसंगापासून दूर राहिलेल्या व्यक्तीचेही असू शकते.