वामनवृक्षाची दुसरी आवृत्ती

मराठी समीक्षेत 'बोन्साय' हा शब्द आला की तो बहुधा शिवी म्हणूनच येतो. खुरटलेली प्रतिभा, घरात कोंडलेली स्त्री, फ्लॅटमध्ये वाढणारी मुले, असे काहीही दाखवायचे झाले की कवी, आणि कवीहूनही समीक्षक, हे झाड कुंडीसकट उचलून आणतात. आम्हां बालाघाट, छिंदवाडा, बैतूलकडच्या मराठी मंडळींच्या वाट्याला तर हे रूपक घाऊक आले आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आमच्या भाषेला कुणी 'कुंडीतली मराठी' म्हटले, की त्यात कणव असते आणि थोडी ऐटही असते. रूपक वापरणाऱ्याने आधी वस्तू पाहावी, एवढी अपेक्षा चुकीची नाही. या लेखात ती वस्तूच पाहायची आहे, आणि तीही ज्युनिपरच्या रूपात. कारण वर्षानुवर्षे घडवणे, मोडणे आणि पुन्हा घडवणे या झाडात जितके उघड दिसते तितके वड-पिंपळात दिसत नाही.

आधी शब्दाकडे पाहू. बोन्सायला आपण मराठीत 'वामनवृक्ष' म्हणतो. हिंदीत सरळ 'बौना पेड़' म्हणतात. आपल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात, म्हणून ही गंमत आपल्यालाच अधिक कळावी: 'बौना' हा शब्द संस्कृत 'वामन'चाच झिजून झालेला आहे. मूळ एकच, पण एका भाषेत त्याला हिणवण्याची छटा आली, तर दुसऱ्या भाषेत 'वामनमूर्ती' म्हणताना अजूनही आदर आणि किंचित धास्ती शिल्लक राहिली. बळीच्या यज्ञात आलेला बटू लहान होता, पण खुरटलेला नव्हता. ज्याने कोणी 'वामनवृक्ष' हा प्रतिशब्द रूढ केला, त्याला हा फरक ठाऊक असणार.

ज्युनिपर आपल्याला अगदी परका नाही. त्याच्या जाती हिमालयात आहेत आणि आयुर्वेदातली 'हपुषा' त्याच कुळातली मानली जाते. बोन्सायसाठी मात्र मुख्यतः चिनी ज्युनिपर आणि त्याचा 'शिम्पाकु' हा जपानी प्रकार वापरतात. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तिथे त्याला दुपारची सावली द्यावी लागते आणि पाणी न साचणारी भरड माती लागते. दिवाणखान्यात ठेवले तर ते मरते, आणि मेल्यानंतरही काही आठवडे हिरवे दिसत राहते. पुष्कळ हौशी लोक अशा मेलेल्या झाडाला रोज पाणी घालत असतात.

'वाढ रोखलेले झाड' ही कल्पना इथेच डळमळू लागते. उपाशी ठेवलेल्या झाडावर काहीच काम करता येत नाही. ज्युनिपरच्या फांदीवरची सगळी पालवी काढली तर ती फांदी पुन्हा फुटत नाही, वाळते. म्हणजे कात्री चालवायची तर आधी झाडाला भरपूर, मोकळे वाढू द्यावे लागते. पक्व ज्युनिपरची पालवी खवल्यांसारखी, मऊ असते. अधीरपणे एकदम फार छाटले, की झाड पुन्हा बालवयातली टोचरी, सुईसारखी पाने काढू लागते, आणि ती जाऊन खवले परतायला दोन-तीन वर्षे लागतात. (शिक्षकाच्या पेशातल्या माणसाला हे वाचून शाळेतले काही चेहरे आठवल्यावाचून राहत नाहीत.) तार गुंडाळून फांदी वळवतात, पण काही महिन्यांनी ती तार सालीत रुतण्याआधी तुकडे करून काढावी लागते, उलगडत बसले तर फांदीच मोडते. ज्या वर्षी मोठी छाटणी, त्या वर्षी मुळांना हात लावायचा नाही. ही सारी पथ्ये झाडाला पुरते जिवंत ठेवण्यासाठी आहेत.

खरी कसोटी पुनर्रचनेची. दहा वर्षे एका बाजूने पाहिलेले झाड एखादे दिवशी वळवून पाहावे आणि मागची बाजूच दर्शनी म्हणून अधिक बोलकी वाटावी, असे होते. मग लावण्याचा कोन बदलतो, शेंड्याची फांदी निरोप घेते, खालची एखादी दुय्यम फांदी नवा शेंडा होते. काढायची फांदी नेहमी तोडतातच असे नाही. तिची साल सोलून पांढरे लाकूड तसेच ठेवतात. त्याला जपानीत 'जिन' म्हणतात, आणि खोडावर असा पट्टा काढला तर 'शारी'. गंधक-चुन्याचे पाणी लावून ते लाकूड टिकवतात. पण ज्युनिपरच्या सालीखालून अन्नपाण्याच्या जिवंत शिरा ठरलेल्या वाटेने जातात, अमुक मुळाकडून तमुक फांदीकडे. पट्टा चुकीच्या जागी सोलला तर सहा महिन्यांनी भलतीच फांदी पिवळी पडते. म्हणून कात्रीआधी वाचन लागते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यांनाही कुठली ओवी मुळाशी जोडलेली आणि कुठली नंतर चिकटलेली हे आधी ओळखावे लागले असणार. संपादन आणि बोन्साय यांत मला हे नाते दिसते. कुंडी आणि कैद यांतले नाते त्या मानाने उथळ आहे.

आता दोन कलावंत. मासाहिको किमुरा यांचा जन्म १९४० चा. पंधराव्या वर्षी ते ओमिया येथे मोतोसुके हामानो यांच्याकडे शिकायला राहिले आणि अकरा वर्षे तिथे काढली. (१९२३ च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्सायवाले ओमियाला जाऊन वसले, तेच हे गाव.) किमुरांनी ज्युनिपरच्या वाळक्या लाकडावर विजेवर चालणारी हत्यारे चालवली, जाड खोडे वाकवली आणि एकेका झाडाचा चेहरा काही तासांत बदलून दाखवला. जपानी परंपरावाद्यांना हे रुचले नाही. छायाचित्रांत आधीचे आणि नंतरचे झाड शेजारी पाहिले की डोळे दिपतात, हे मान्य केले पाहिजे. पण दिपवणे हा रसनिष्पत्तीचा एक प्रकार आहे, एकमेव नव्हे. त्यांच्या हाती आलेली अनेक झाडे शिकोकूच्या किंवा इतोइगावाच्या कड्यांवरून आणलेली, शतकभराहून जुनी आणि वाऱ्याबर्फाने आधीच सोललेली होती. वार्धक्य त्या झाडांचेच होते. किमुरांनी ते मोकळे केले.

आपल्याकडे त्याचे अनुकरण होते ते रोपवाटिकेतल्या बोटभर जाडीच्या रोपावर. पाच वर्षांच्या पोराला दाढी चिकटवून ऋषी करावे, तसे ते दिसते. खोडाला जाडी नाही आणि पांढरे लाकूड मात्र शेंड्यापर्यंत! या कृतक वार्धक्याला मी या कलेचा सर्वांत मोठा दोष मानतो. टीका करायचीच तर ती इथे व्हावी.

दुसरे जॉन नाका. जन्म १९१४, अमेरिकेतल्या कोलोरॅडोत. बालपणी जपानला गेले, आजोबांकडे ही विद्या पाहिली आणि तरुणपणी अमेरिकेला परतले. त्यांची 'गोशिन' ही कृती म्हणजे एका तबकात उभे केलेले ज्युनिपरचे वन. सुरुवात १९४८ ची. १९६४ च्या सुमारास सुट्या वाढवलेल्या झाडांना एकत्र आणले गेले. पुढे ती सात झाली, सात नातवंडांसाठी. मागच्या रांगेतली झाडे पाण्याचा निचरा नीट न झाल्याने दगावली, त्यांच्या जागी दुसरी आली. नातवंडे अकरा झाली तशी झाडेही अकरा झाली. वेगळे काढून पाहिले तर यातले एकेक झाड सरळसोट आणि सामान्य आहे. त्यांच्या उंचीतला चढउतार, पुढच्या खोडांनी अडवलेली आणि मध्येच मोकळी सोडलेली दृष्टी, यांतून अरण्य उभे राहते. दुर्मीळ झाड मिळाले नाही म्हणून इथे काही अडलेले नाही. माझा कौल 'गोशिन'ला आहे. जिथे राहतो तिथल्या झाडांवर काम करा, असा नाकांचा आग्रह असे. कॅलिफोर्नियातल्या रानटी ज्युनिपरला त्यांनी या कलेत मान मिळवून दिला. जपानी विद्या परमुलखात नेऊन ती तिथल्या मातीत चालवणाऱ्या माणसाला कुणी 'कुंडीतला जपानी' म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

महाराष्ट्रात या कलेचा प्रेक्षक पुष्कळ आहे. पुण्यात २०१८ च्या फेब्रुवारीत प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने 'बोन्साय नमस्ते' हे मोठे प्रदर्शन भरले. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनातही बोन्साय असतात आणि लोक त्यांच्यापुढे रेंगाळतात. मात्र आपल्या प्रदर्शनांत झाडापाशी बहुधा नाव आणि वय एवढीच पाटी असते. वय हा या कलेतला सर्वांत कमी उपयोगी आकडा आहे. कोणत्या वर्षी दर्शनी बाजू बदलली, शेंडा कधी सोडला, कुठली फांदी अपेक्षेविरुद्ध मेली आणि मग तिचे काय केले, हे कळल्यावाचून प्रेक्षक फक्त 'किती गोड, किती लहान' एवढेच म्हणू शकतो.

'गोशिन' १९८४ पासून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. नाका २००४ साली वारले. आता त्या अकरा झाडांवर दुसऱ्यांचे हात चालतात आणि ती वाढतच आहेत. पुढच्या प्रदर्शनाला जाणाऱ्यांनी एक आग्रह धरून पाहावा: प्रत्येक ज्युनिपरशेजारी त्याचे पाच आणि दहा वर्षांपूर्वीचे छायाचित्र लावा, त्यात आता नसलेल्या फांदीवर पेन्सिलीने खूण करा, आणि ज्याने ती काढली त्याचे नाव खाली लिहा.