मराठी हायकू आणि ऋतुशब्दाचा प्रश्न : भंडाऱ्याच्या धानपट्ट्याच्या संदर्भात

हायकू हा जपानी काव्यप्रकार मराठीत शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी रुजविला, याविषयी दुमत नाही. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी आरंभिलेले हे लेखन पुढे अनेकांनी हाती घेतले आणि तीन ओळींचा हा बंध नियतकालिकांतून वारंवार दिसू लागला. परंतु त्याची जी चर्चा मराठीत झाली ती प्रायः दोनच मुद्द्यांभोवती फिरत राहिली : पाच-सात-पाच ही अक्षरसंख्या पाळावी की नाही, आणि हायकूतून क्षणाची अनुभूती कशी व्यक्त होते. जपानी परंपरेत या दोहोंइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्वाचे असलेले तत्त्व म्हणजे ऋतुशब्द, अर्थात 'किगो'. त्याची उपेक्षा का झाली आणि तिच्यामुळे मराठी हायकूचे काय हरपले, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

अक्षरसंख्येचा वाद वस्तुतः चुकीच्या गृहीतावर उभा आहे. जपानी छंदात मोजले जाते ते आपले अक्षर नव्हे. तेथे दीर्घ स्वराची दोन एकके होतात, शब्दान्तीच्या 'न्'चे स्वतंत्र एक होते, आणि द्वित्तातील पहिल्या व्यंजनाचेही एक धरले जाते. 'तोक्यो' हे नाव मराठीत दोन अक्षरांत संपते. जपानी कान त्यात चार एकके ऐकतो, कारण त्यातील दोन्ही ओकार दीर्घ आहेत. 'निप्पोन्' हाही शब्द चारच एककांचा. हा हिशेब आपल्या अक्षरगणनेपेक्षा मात्रागणनेच्या जवळ जातो. मात्र तंतोतंत जुळत नाही, कारण मराठीत ए आणि ओ नेहमीच गुरू, तर जपानीत ते ऱ्हस्वही असतात. सारांश, सतरा अक्षरांचा मराठी हायकू मूळ प्रकाराहून पुष्कळच ऐसपैस होतो. तेव्हा बहुसंख्य मराठी कवींनी संख्येचा हट्ट सोडला आणि तीन ओळींपैकी दोहोंत यमक साधले, हे योग्यच झाले. जपानी शब्द बहुधा स्वरान्त असल्याने तेथे यमक इतके सुलभ की त्याला मोल नाही. ओवी-अभंगांवर पोसलेला मराठी कान मात्र ते मागतो.

ऋतुशब्दाचे तसे नाही. तो बाह्य बंधाचा भाग नसून अर्थाचाच भाग आहे. 'साइजिकी' या नावाच्या कोशांत हे शब्द वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत आणि नववर्ष अशा विभागांनी लावलेले असतात. नुसता 'चंद्र' म्हटला की तो शरदातला. अन्य ऋतूंतला असेल तर तसे सांगावे लागते. बेडूक हा वसंताचा शब्द. बाशोचा (१६४४–१६९४) बेडकावरील १६८६ मधील सुप्रसिद्ध होक्कू मराठी वाचकाने वाचला की त्याच्या डोळ्यांपुढे नकळत मृगाचा पाऊस, तुडुंब डबकी आणि रात्रभर चाललेला कोलाहल उभा राहतो. मूळ कवितेत यांपैकी काहीही नाही. जुन्या वाका-काव्यात बेडूक येई तो त्याच्या स्वरासाठी. बाशोने त्याचे गाणे बाजूस सारून पाण्याचा आवाज तेवढा ठेवला. हा भेद ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या कवितेतील धिटाई कळते. एका शब्दाच्या पाठीशी शतकांचे काव्य उभे असते, म्हणूनच इतकी लहान रचना तोलून धरली जाते.

मराठीत ही बाजू लंगडी राहिली याचे कारण परिचयाच्या मार्गात आहे. रवींद्रनाथांनी १९१६ च्या प्रवासानंतर 'जापान-यात्री'त या कवितेतील शब्दांच्या काटकसरीकडे आणि चित्रमयतेकडे लक्ष वेधले. हिंदीत सत्यभूषण वर्मा यांनी जपानीतून थेट अनुवाद केले. मराठीत मात्र हायकू मुख्यत्वे इंग्रजीच्या वाटेने आला. आर. एच. ब्लाइथ यांच्या चार खंडांतील (१९४९–१९५२) शेवटच्या तीन खंडांची रचनाच ऋतूंनुसार आहे. परंतु वाचकांनी उचलले ते त्यांचे झेनपर विवेचन. त्यामुळे हायकू म्हणजे साक्षात्काराचा क्षण असे समीकरण झाले. जपानी काव्यविचाराला बौद्ध मताचा जो आधार आहे तो केवळ झेनचा नाही. फुजिवारा नो शुन्झेई याने ११९७ मध्ये वाकाचे विवेचन केले ते तेंदाई पंथाच्या ध्यानशास्त्राचा आधार घेऊन. भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या प्राचीन स्तूपावशेषांपासून जवळच रुयाड येथे, जो महासमाधीभूमी महास्तूप उभा आहे त्याचा संबंधही जपानच्या तेंदाई परंपरेशीच आहे. मराठी समीक्षेने मात्र अद्याप तेंदाईचे नाव फारसे घेतलेले नाही.

याच जिल्ह्याकडे पाहिले असता ऋतुशब्दाचा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. भंडारा हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. येथील वर्ष धानाच्या कामांनी विभागलेले आहे आणि प्रत्येक कामाला झाडीबोलीत स्वतःचे नाव आहे. बांधीत पऱ्हे टाकणे, मग चिखल करून रोवणा, कापणीनंतर रचलेले पुंजणे, पुढे चुरणा, दिवाळीनंतर गावोगाव भरणारी मंडई आणि तिच्यात रात्रभर रंगणारी दंडार, बोडीतले शिंगाडे, फाल्गुन-चैत्रात पहाटे वेचली जाणारी मोहफुले. 'पुंजणे' एवढा शब्द उच्चारला की कापणी झालेली आहे, मळणी व्हावयाची आहे, हवेत गारवा आहे आणि अवकाळी पावसाची व आगीची धास्तीही आहे, हे सारे सांगितले जाते. किगोचे कार्य याहून वेगळे नसते. असे शब्द असताना मराठी हायकूत पुनःपुन्हा 'पान', 'पक्षी', 'थेंब', 'सावली' अशीच सामान्य नामे यावीत, ही खंत करण्यासारखी गोष्ट आहे. त्यांना ना महिना आहे, ना गाव. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीची आणि दंडारीची जी सामग्री पुढे आणली तिचा उपयोग भाषाशास्त्रज्ञ व लोकसाहित्याचे अभ्यासक करतात. कवींनी तो करू नये असे काही नाही.

बाशोच्या उत्तरयात्रेतील (१६८९) एक प्रसंग येथे बोलका आहे. शिराकावाचा नाका ओलांडून तो सुकागावा येथे उतरला, तेव्हा यजमानाने नाका ओलांडताना काय सुचले असे विचारले. उत्तरादाखल त्याने जो होक्कू दिला त्यात उत्तरेकडील भातलावणीच्या गाण्यांतच काव्यरसाचा आरंभ पाहिला आहे. तो होक्कू एकटा राहिला नाही. यजमानाने व सोबत्याने त्याला पुढील चरण जोडले आणि त्यातून साखळी-काव्य झाले. मासाओका शिकीने (१८६७–१९०२) पुढे हा आरंभचरण साखळीतून सोडवून त्याला स्वतंत्र 'हायकू' केले, आणि मराठीला मिळाला तो हा सुटा झालेला प्रकार. नो नाट्याच्या पूर्वरूपांपैकी 'देंगाकू'चा उगमही भातशेतीच्या विधिगीतांत सांगितला जातो. रोवण्याची गाणी आणि दंडार यांच्या प्रदेशाला या परंपरेशी नाते जोडण्यास झेनची मध्यस्थी लागत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, खुद्द जपानात विसाव्या शतकात ऋतुशब्द नाकारणारे हायकू लिहिले गेले. तानेदा सांतोका (१८८२–१९४०) याने तर ऋतू आणि संख्या या दोहोंचेही बंधन मानले नाही. आक्षेप खरा आहे. परंतु त्याने जे टाकले ते त्याच्या वाचकाच्या स्मरणात होते, आणि म्हणून टाकण्यालाही अर्थ होता. मराठीत ऋतुशब्द टाकला गेला नाही. तो आलाच नाही.

अधिक अवघड प्रश्न निराळा आहे. १८७३ मध्ये जपानने सौर दिनदर्शिका स्वीकारली तेव्हा जुने संकेत आणि नवे महिने यांचा मेळ तुटला, आणि कोशकारांना ऋतूंची फेरमांडणी करावी लागली. भंडाऱ्यातही पाण्याची सोय असलेल्या बांध्यांत आता उन्हाळी धान होते आणि त्याची रोवणी भर थंडीत चालते. 'रोवणा' हा शब्द एकटा आला तर तो आषाढातला समजावा आणि दुसऱ्यास 'उन्हाळी' हे विशेषण जोडावे, असा संकेत करता येईल. गावातल्या बोलण्यात 'उन्हाळी धान' हे नाव आधीच रूढ झालेले आहे.