मुका नायक आणि संमतीचा कागद

व्हिडिओ गेमला आपल्याकडे अजून समीक्षेच्या पंगतीत पान वाढलेले नाही. त्यातही दूरचित्रवाणीवरच्या कार्टूनवर बेतलेला गेम म्हणजे अगदीच शेवटच्या ओळीतला. मालिका गाजली की डबे, दप्तरे, टी-शर्ट निघतात, तसाच तोही एक माल. बहुतेक गेमबाबत हा समज चुकीचा नाही. पण २०१४ साली आलेल्या ‘साउथ पार्क : द स्टिक ऑफ ट्रुथ’ला तो लागू करता येत नाही. ‘ऑब्सिडियन’ने घडवलेल्या या गेमचे लेखन मालिकेचे जनक ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन यांनीच केले. गेम विलक्षण अचकट-विचकट आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र आपल्या देहाचे काय व्हावे हे ठरवण्याचा रुग्णाचा जो हक्क असतो, ज्याला वैद्यकीय नीतिशास्त्र ‘स्वायत्तता’ म्हणते, त्याविषयी तो जाता जाता बरेच काही सांगून जातो.

सुरुवातच पाहावी. गावात नव्याने राहायला आलेला एक मुलगा, हा आपला नायक. खेळाडूला त्याचे नाव टाइप करायला सांगितले जाते. तुम्ही काहीही टाइप करा, कार्टमन त्याला ‘डूशबॅग’ ही शिवीच बहाल करतो आणि पुढे तेच नाव चालते. विनोद एका ओळीचा आहे, पण त्याची रचना ओळखीची आहे. कागद पुढे येतो, रिकामी जागा भरायला सांगतात, आपण भरतो, आणि निर्णय मात्र आधीच झालेला असतो. विचारण्याचा विधी पार पडला, एवढेच.

शिवाय हा नायक मुका आहे. भूमिकाप्रधान गेममध्ये नायकाने न बोलणे ही जुनी रूढी. खेळाडूला त्याच्या जागी स्वतःला कल्पिता यावे, हा तिचा हेतू. पार्कर आणि स्टोन ही रूढी उलटी फिरवतात. सगळे त्याच्याशी बोलतात, त्याच्या वतीने ठरवतात, आणि त्याचे गप्प राहणे होकार म्हणून मोजले जाते. परग्रहवासी त्याला पळवून नेतात आणि त्याच्या गुदद्वारात उपकरण खुपसायला निघतात. हा मालिकेचा आद्य विनोद. १३ ऑगस्ट १९९७ रोजी प्रसारित झालेल्या पहिल्या भागातही कार्टमनवर हाच प्रसंग आला होता. फरक इतकाच की तेव्हा आपण सोफ्यावर बसून हसत होतो. आता कंट्रोलर आपल्या हातात असतो, आणि तरीही ‘नको’ म्हणायचे बटण कुठे नसते.

गर्भपात-दवाखान्याचा प्रसंग याहून गुंतागुंतीचा. मुलीच्या वेषात तिथे शिरलेल्या या मुलावरच प्रक्रिया सुरू होते, आणि पुढे खेळाडूलाच डॉक्टर होऊन रँडी मार्शचा ‘गर्भपात’ करावा लागतो. रुग्णाच्या जागेवरून चिकित्सकाच्या जागेवर येताना आपण जराही कचरत नाही, हे मला त्यातले सर्वांत अस्वस्थ करणारे निरीक्षण वाटते. पण इथेच गेम कमी पडतो. ज्या ठिकाणी स्वायत्ततेचा प्रश्न बाईच्या देहाशी जोडलेला आहे, तिथे विनोदाच्या केंद्रस्थानी दोन वेषांतरित पुरुष. खरी रुग्ण तिथे नाहीच. एरवी कोणालाही न सोडणाऱ्या लेखकांनी इथे सोपी वाट धरली.

हे प्रसंग युरोपातील कन्सोल-आवृत्त्यांतून आणि ऑस्ट्रेलियात वगळण्यात आले. युरोपात ते प्रकाशक ‘युबिसॉफ्ट’ने आपणहून वगळले, ऑस्ट्रेलियात वर्गीकरण मंडळाने गेमला मान्यता नाकारल्यानंतर. मोकळ्या जागी लेखकांनी पाट्या लावल्या. युरोपात कपाळाला हात लावलेला पुतळा, ऑस्ट्रेलियात रडणारा कोआला, आणि सोबत वगळलेल्या प्रसंगाचे तपशीलवार वर्णन. म्हणजे मूळ आवृत्तीत कृती आहे, पण नकार नाही. कापलेल्या आवृत्तीत माहिती आहे, पण कृतीच नाही. बीचम आणि चिल्ड्रेस यांच्या १९७९ च्या पायाभूत ग्रंथापासून संमतीचे जे घटक मानले जातात, त्यांत माहिती, आकलन आणि स्वेच्छा ही तिन्ही एकत्र लागतात. एक काढले की उरते ती सही.

भारतीय सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २००८ चा एक निकाल या संदर्भात आठवतो. चव्वेचाळीस वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला गेली. ती भूल दिलेल्या अवस्थेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय आणि बीजकोश काढण्यात आले. प्राण वाचवण्याची निकड नव्हती. रुग्ण सज्ञान होती आणि शुद्धीवर येईपर्यंत थांबता आले असते. तेव्हा आईची संमती ही तिची संमती नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. शस्त्रक्रिया तिच्या हिताचीच होती, हा बचाव टिकला नाही. मात्र डॉक्टरने रुग्णाला किती सांगावे याचा अमेरिकी मापदंड इथल्या परिस्थितीला परवडणारा नाही, असेही त्याच निकालात आहे. हा भाग मला पटत नाही. कमी शिकलेल्या रुग्णाला जास्त सांगावे लागते, कमी नव्हे.

गेमचा नायक तर चौथीतला मुलगा. कायद्याने त्याच्या वतीने पालकच बोलणार. तरी आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे संशोधनासाठी सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची अनुमतीही मागतात. उपचारांच्या खाटेवर मात्र मुलाला कोण विचारतो? आणि मुलाचे कशाला.

काही वर्षांपूर्वी आईच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. नर्सने फॉर्म माझ्यापुढे धरला आणि सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवले. आई शेजारच्या खुर्चीत बसली होती, चांगली शुद्धीत, निवृत्त शिक्षिका. मी सही केली. आठवड्याभराने, पट्टी निघाल्यावर, तिने विचारले, “त्या कागदावर काय लिहिलं होतं रे?” मला सांगता आले नाही. मीही तो वाचला नव्हता.